एकेचाळीसची तेस्लेम

ऐन लहबार या आमच्या गावच्या बाजारात कापडाची दुकानं आहेत आणि ती सगळी बायकांची आहेत. पुरुष उंटांमागे जातात, बायका मेलहफा विकतात. डोक्यापासून घोट्यापर्यंत अंगाभोवती गुंडाळायचं ते लांबलचक, पातळ वस्त्र. निळं, केशरी, डाळिंबी. आणि एक रंग असा, की वाळूवर संध्याकाळ उतरताना जो दिसतो तोच. वारा सुटला की सगळा बाजार एखाद्या मोठ्या झाडासारखा सळसळतो. त्या सळसळीच्या मधोमध, चामड्याच्या उशीला टेकून, तेस्लेम बसलेली असायची.

सकाळी एकदा बसली की दुपारच्या नमाजापर्यंत उठायची नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं, चहा तिच्याकडे यायचा, गावातल्या बातम्या तर आधी तिच्याकडे यायच्या आणि मग घडायच्या. तिच्या मनगटावर तीन वळ्या होत्या. चांदीचं कडं पहिल्या आणि दुसऱ्या वळीच्या मध्ये असं रुतून बसलेलं, की सोनारानंही ते काढायला नकार दिला होता. तिला उठवायला दोन माणसं लागायची, एक या हाताला, एक त्या हाताला, आणि ते काम करायला मिळणं हा मान समजला जायचा. तरुणपणी तिच्या मागणीवरून दोन तांड्यांत भांडण झालं होतं. शेवटी दह नावाच्या एका काटकुळ्या उंटवाल्यानं तिला मिळवलं. ते कसं, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. दहलाही नाही.

हे अंग तिला फुकट मिळालेलं नव्हतं. लहान असताना, पाऊस पडून माळ हिरवा झाला की, आई तिला गावाबाहेरच्या तंबूत घेऊन जायची. उंटिणींच्या कासा भरलेल्या. पहाटे एक लाकडी वाडगा, दुपारी एक, ऊन कलताना एक. पोट नको म्हणालं तरी आई ऐकायची नाही. पायाचं बोट दोन काड्यांच्या चिमट्यात धरायची आणि वाडगा ओठांना लावायची.

"मी जेवढी रडले तेवढं दूध प्याले," तेस्लेम सांगायची आणि हसायची.

आई दुष्ट नव्हती. हडकुळी मुलगी म्हणजे दरिद्री घर, असं आमच्याकडे सगळेच समजायचे. अजूनही पुष्कळ जण समजतात. आपल्या मुलीनं कुणाच्या दारात मान खाली घालून जाऊ नये, एवढंच त्या बाईला हवं होतं. तिनं मुलीला दोन गोष्टी दिल्या. एक हे अंग. दुसरी घळीतली खजुराची बाग.

ती बाग आमच्या गावाच्या डोक्यावर आहे. दोन काळ्या कड्यांच्या मधून घळ वर जाते, वर झरा आहे, झऱ्याभोवती झाडं. गाडी जात नाही, उंट अर्ध्यात अडतो. पायानंच जावं लागतं, दगडावरून दगडावर. उन्हाळ्यात खजूर पिकला की आमच्याकडे गेतना लागते. दुकानं बंद होतात, समुद्राकडच्या शहरांत गेलेले नातेवाईक परत येतात आणि सगळा गाव झाडांखाली राहायला जातो. खायचं, गायचं, झोपायचं, पुन्हा खायचं. आणि रीत अशी, की बागेची मालकीण स्वतः तिच्या आईनं लावलेल्या झाडाखाली येऊन उभी राहिल्याशिवाय पहिला घड खाली उतरवायचा नाही.

गेले दोन उन्हाळे तेस्लेम वर गेलेली नव्हती. गुडघ्यांनी तिला सांगून टाकलं होतं, की आता आम्ही बाजारापर्यंतच. एकदा तिच्यासाठी गाढव आणलं. गाढवानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा घळीकडे पाहिलं, आणि खाली बसलं. मग झाडावर चढणारा याह्या मालकिणीविनाच घड उतरवायचा आणि टोपली भरून दुकानात आणून द्यायचा. तेस्लेम एक खजूर तोंडात टाकायची, "गोड आहे," म्हणायची आणि बोटं पुसून टोपली शेजारणीकडे सरकवायची. दुसरा खजूर तिनं कधी घेतला नाही. वरून, घळीतून, लोकांच्या गाण्याचे आवाज खाली येत राहायचे.

अशात थंडीच्या सुरुवातीला आमच्या दवाखान्यात झैनबू नावाची नवी नर्स आली. समुद्राकडची पोर, शिकलेली, बोलायला गोड, आणि अंगानं तंबूच्या खुंटीएवढी. तिला पाहून गावाला आधी दया आली. माझी बायको म्हणाली, "हिला शाळेत पाठवलं, पण जेवायला कुणी बोलावलं नाही वाटतं."

झैनबूनं एक काटा आणि उंची मोजायची एक काठी आणली होती. तिनं सगळ्या बायकांना बोलावलं. बायका आल्या, म्हणजे सगळ्याच आल्या, कारण कुणाचं किती भरतं हे जाणून घ्यायचं होतं. माझी बायको रांगेत होती; पुढचं तिनं सांगितलेलं आहे, आणि ती तिखटमीठ लावून सांगत नाही.

तेस्लेमला दोघींनी काट्यावर चढवलं. एकशे पाच किलो. मग काठीला टेकवलं. एक मीटर साठ. झैनबूनं मोबाइलवर बोटं चालवली.

"तेस्लेमखाला, तुमचा बीएमआय एकेचाळीस आला. जास्त आहे."

"माशाल्ला," तेस्लेम म्हणाली.

"नाही, म्हणजे फारच जास्त आहे, खाला."

"अल्लाची देणगी, पोरी. तुलाही देईल. धीर धर."

झैनबू काही बोलणार, तोवर रांगेतून सलका पुढे घुसली. सलकाचं दुकान तेस्लेमच्या दुकानाला लागून. तेस्लेमनं निळं कापड आणलं की सलका अधिक निळं आणणार, असं त्यांचं लग्नाआधीपासून चाललेलं. सलका उंच बाई, खजुराच्या झाडासारखी. ती काट्यावर चढली. एकशे नऊ. तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं, सावकाश, एकेकीकडे.

"सलकाखाला, तुमचा छत्तीस," झैनबू म्हणाली.

"छत्तीस काय?"

"आकडा. छत्तीस."

"तिचं एकशे पाच, तिला एकेचाळीस. माझं एकशे नऊ, मला छत्तीस. हा काटा समुद्राकडचा दिसतो. चोर आहे."

"काटा बरोबर आहे, खाला. नुसतं वजन बघायचं नसतं, उंचीही बघायची असते. वजनाला उंचीनं भागायचं आणि जे येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं."

"एकदा कापून तुझं समाधान झालं नाही?"

बायका हसल्या. झैनबूही हसली, आणि तिनं फार छान समजावून सांगितलं. तंबूचं एकच कापड घ्या, ती म्हणाली. उंच खांबांवर चढवलं तर ताठ बसेल. बुटक्या खांबांवर चढवलं तर त्याला घड्या पडतील. कापड किती आहे हे एकटं सांगून भागत नाही, खांब केवढा तेही सांगावं लागतं. हा आकडा म्हणजे कापड आणि खांब दोन्ही मिळून.

हे आमच्या बायकांना लगेच पटलं. तंबू त्यांनीच शिवलेले असतात. फक्त एक गोष्ट झैनबूच्या लक्षात आली नाही. ती समजावत होती की घड्या वाईट, आणि ऐकणाऱ्या सगळ्या जणींनी आयुष्यभर दूध पिऊन घड्याच तर मिळवल्या होत्या. नुसतं वजन कुणालाही असतं. पण या शहाण्या पोरीनं असं माप आणलं होतं की ज्यात खरं सौंदर्य मोजलं जातं. रांगेतली प्रत्येक बाई हेच समजून घरी गेली.

आठवड्यात सगळा गाव आकड्यात बोलायला लागला. सोयरीक जुळवायला आलेल्या बाया विचारायच्या, "मुलीचा आकडा किती?" उंटांच्या बाजारात दह मिशीवरून बोट फिरवत सांगायचा, "आमच्या घरी एकेचाळीस आहे." ज्यांच्या घरी एकोणतीस होता ते विषय बदलायचे.

सलका पुन्हा दवाखान्यात आली. या वेळी चालताना ती जरा वाजत होती. काट्यावर चढली, काटा पुढे सरकला. मग काठीपाशी गेली आणि गुडघे वाकवून उभी राहिली.

"खाला, सरळ उभ्या राहा."

"मी जन्मापासून अशीच आहे."

"परवा तुम्ही एवढ्या उंच होता."

"परवा थंडी नव्हती. थंडीत माणूस आखडतं."

झैनबूनं तिच्या खांद्याला हात लावून तिला जरा सरळ केलं, तेव्हा मेलहफाच्या आतून पितळी बत्ता निसटला आणि खणकन जमिनीवर पडला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"घरी परत जाताना मसाला कुटायचा होता," सलका म्हणाली, बत्ता उचलला आणि निघून गेली.

झैनबूला तेव्हाही उलगडा झाला नाही. तो झाला एका लग्नात. बायका ढोलाभोवती बसल्या होत्या आणि आमच्याकडे बायकांनी दोन ओळी रचून म्हणायची पद्धत आहे, तशा म्हणत होत्या:

छत्तीस तारे मोजून झाले, रात अजून सरेना,
एकेचाळीस चंद्र पाहिला, डोळा कुठे फिरेना.

तेस्लेम मध्ये बसून मान डोलावत होती. झैनबूनं माझ्या बायकोला विचारलं, "हे कशाचे आकडे?" बायकोनं सांगितलं. झैनबूनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. तिनं सगळ्यांना आकडा सांगितला होता. आकडा चांगला की वाईट हे सांगताना "जास्त" म्हणाली होती. आणि आमच्याकडे जास्त म्हणजे चांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेस्लेमच्या दुकानात येऊन बसली. तेस्लेमनं चहा ठेवला. पहिल्या पेल्यापर्यंत कापडाबद्दल बोलणं झालं.

"खाला," झैनबू म्हणाली, "तो आकडा बक्षिसाचा नाही."

"मग कशाचा?"

"ओझ्याचा. साडेअठरा ते पंचवीस, एवढ्यात असला तर अंगाला बरं. पंचवीसच्या पुढे ओझं वाढतं. तिसाच्या पुढे ते ओझं आजार घेऊन यायला लागतं. रक्तात साखर, रक्तदाब, गुडघे. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण वाट मोकळी होते."

"आणि चाळीसच्या पुढे?"

"चाळीसच्या पुढे मी तुमच्या दुकानात येऊन बसते."

तेस्लेमनं दुसरा पेला ओतला. उंचावरून, धार न तुटू देता. तिचा चेहरा मात्र बंद झाला होता.

"पोरी, हे अंग माझ्या आईनं केलं आहे. तिची कितीतरी वर्षं गेली त्यात. माझंही बालपण गेलं. तू एक काठी घेऊन येतेस आणि म्हणतेस, हे ओझं आहे."

झैनबू गप्प बसली. ती शहाणी पोर आहे हे मला तेव्हा पटलं, कारण शिकलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

तेवढ्यात याह्या आला. खजुराला फुलोरा यायची वेळ झाली होती, नर झाडाचा फुलोरा मादी झाडांना बांधायचा होता, त्याचं विचारायला. कमरेचा दोर खांद्यावर, पायाचे तळवे दगडासारखे.

"बांधून टाक, नेहमीसारखं," तेस्लेम म्हणाली.

"बांधतो. आणि मालकीणबाई, यंदा तरी वर येणार ना? आईचं झाड तिसऱ्या वर्षीही वाट बघणार का?"

"बघू."

ती 'बघू' म्हणाली आणि हातातल्या कापडाची घडी घालू लागली, जी आधीच घातलेली होती. झैनबूनं ते पाहिलं.

"वर काय आहे, खाला?"

तेस्लेमनं सांगितलं. फार नाही सांगितलं. झरा, झाडं, पहिला घड.

"एक सांगते," झैनबू म्हणाली. "अंगावरून एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे साधारण चार किलो उतरतात. पंचवीसवर यायलाच हवं असं मी म्हणत नाही. दहा भागांतला एक भाग गेला तरी गुडघ्याला कळेल."

"तेवढ्यानं घळ चढेन?"

"ते मला ठाऊक नाही. पण आत्ता चढणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

तेस्लेमनं हातातलं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुझा आकडा किती?"

"माझा?"

"तुझाच. का, नर्सेसना उंची नसते?"

झैनबू इकडेतिकडे बघायला लागली. एव्हाना शेजारच्या दुकानातून सलकाही सरकत सरकत येऊन बसली होती. तिघी दवाखान्यात गेल्या. तेस्लेमला तेवढं अंतर चालायला दोनदा थांबावं लागलं. झैनबूला काट्यावर उभं केलं. साडेअठ्ठेचाळीस किलो, एक मीटर पासष्ट. आकडा आला सतरा पूर्णांक आठ.

"साडेअठराच्या खाली," तेस्लेम म्हणाली. "म्हणजे तूही आजारी."

"आजारी नाही, पण..." झैनबू लाजली. "एकटीसाठी स्वयंपाक करायला कंटाळा येतो."

"ठीक आहे. मी खाली येते, तू वर ये. मी सोडलेला वाडगा रोज तुझ्याकडे येईल."

असा करार झाला. सलकाची साक्ष होती. मागोमाग आलेला याह्या दारात उभा होता, त्यालाही मोजायची हौस आली. एक मीटर अडुसष्ट, अठ्ठ्याहत्तर किलो. झैनबू म्हणाली, "सत्तावीस पूर्णांक सहा."

बायका आधी चक्रावल्या आणि मग पोट धरून हसल्या. याह्याच्या अंगावर चिमटीत धरण्याएवढी चरबी नव्हती. त्याचे दंड म्हणजे पिळलेले दोर.

"हे बघा," झैनबू म्हणाली, "आकड्याला डोळे नसतात. मांस कुठलं, चरबी कुठली, त्याला दिसत नाही. तो फक्त बोट दाखवतो, इकडे जरा बघा म्हणतो. मग बघायचं आपण. म्हणून कमरेला टेपही लावायची."

"तसं असेल तर माझंही मांसच आहे," सलका म्हणाली.

झैनबूनं टेप काढली. याह्याच्या कमरेला ती लावली, सुटं टोक लोंबत राहिलं. याह्याला बाहेर पाठवलं आणि सलकाच्या कमरेला लावली. दोन टोकांची भेट झाली नाही.

"टेपही समुद्राकडची," सलका म्हणाली.

तेस्लेमनं दूध अगदी सोडलं नाही, एक वाडगा कमी केला. साखर घातलेलं दूधपाणी दिवसभर घोट घोट पिणं सोडलं. ताटातला कुसकुस आधी तिच्यासमोर डोंगर असायचा, त्याची टेकडी झाली. भाजी वाढली, जिला ती आजवर शेळीचं खाणं म्हणायची. चहाचं जमलं नाही. तीन पेले आणि तिन्ही गोड, यावर कुणाशीही बोलायला ती तयार नव्हती. शेवटी झैनबूनं हात टेकले आणि साखर निम्मी करून घेतली. आणि रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, कोरड्या नदीच्या पात्रात चालणं. आधी बाभळीपर्यंत. मग बाभळीच्या पुढे.

सलका बरोबर चालायची. "मी चालायला येत नाही," ती सगळ्यांना सांगायची, "ही फसवते का ते बघायला येते." तेस्लेम दमून बसली की सलका शेजारी बसायची आणि उठताना हात द्यायची, वर म्हणायची, "ऊठ बाई, तुझ्या पायी माझं दुकान उघडायचं राहिलंय."

सोडलेला वाडगा झैनबूकडे जायचा. पहिल्या दिवशी तिनं अर्धा पिऊन ठेवला, तेव्हा तेस्लेमच्या तोंडातून निघून गेलं, "पी, नाहीतर काड्या आणते." आणि मग ती एकदम थांबली. वाडगा तिनं स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला. "नको. तुला वाटेल तेव्हा पी. कुणी बघणार नाही."

सगळ्यात जास्त त्रास दहला झाला. बायको वाळायला लागली की लोक नवऱ्याला बोलतात, ही आमच्याकडची जुनी खोड. बाजारात कुणी तरी म्हणालं, "दह, उंटिणी आटल्या वाटतं." दुसरा म्हणाला, "उंटिणी नाही आटल्या, हात आखडला." दह त्याच पावली एक कोकरू कापून घरी घेऊन आला.

"हे कशाला?" तेस्लेमनं विचारलं.

"खायला. गाव मला चिक्कू म्हणतंय."

"गावाला जेवायला बोलाव."

"तेस्लेम, मी तुला मिळवलं तेव्हा तू कशी होतीस, आणि आता लोक म्हणतात..."

"तुला बायको हवी की दुकानातली उशी? उशी जागेवर राहते. मला वर जायचंय, दह."

दह दवाखान्यात जाऊन झैनबूशीही भांडला. मोठ्या आवाजात नाही. तो मऊ माणूस आहे. तो म्हणाला, "पोरी, तू माझ्या घरातून चंद्र कापून नेतेस."

झैनबूनं त्याला चहा दिला.

एका संध्याकाळी तो तेस्लेमला दुकानातून घरी न्यायला आला. नेहमीसारखा वाकला, एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताला कुणी आहे का म्हणून बाजूला पाहिलं. तेस्लेमनं जमिनीवर एक तळवा टेकला, श्वास घेतला आणि उठली. एकटी. दहचा हात तसाच हवेत राहिला. बाजार पाहत होता. त्यानं तो हात हळूच मागे घेतला, तिची उशी उचलून काखेत मारली आणि चालू लागला. त्यानंतर त्यानं कोकरू आणलं नाही. आणि बाजारात कुणी उंटिणींची चौकशी केली की सांगायचा, "आमच्या घरी आता उठणारी बायको आहे. तुमच्याकडे?"

उन्हाळा आला. खजूर पिवळे झाले, मग तांबूस. झैनबूनं पुन्हा मोजलं. तेस्लेम पंच्याण्णव किलोंवर आली होती, आकडा सदतीस. सलकाचा झाला होता चौतीस. सलकानं हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे पुढे तीच?"

"खाला, आता पुढे असणं चांगलं नाही. तुम्ही जिंकलात."

"मला अजून तसं वाटत नाही," सलका म्हणाली. सवय जायला वेळ लागतो. झैनबूचा अठरा भरला होता आणि अर्धा बाकी होता. गालांवर जरा रंग आला होता आणि आमच्या बायका तिच्यासाठी स्थळं बघायला लागल्या होत्या.

"सदतीस म्हणजे अजून ओझंच ना?" तेस्लेमनं विचारलं.

"ओझंच. पण दहा किलो खाली ठेवलेत तुम्ही."

"मग बघू घळ काय म्हणते."

पहाटेच्या गारव्यात सगळ्या गावाबरोबर निघालो. मी होतो, माझी बायको होती; याह्या पुढे गेला होता, झाडावर चढून बसायला. दहच्या पाठीवर तंबू. तेस्लेम पहिल्या वळणापर्यंत गप्पा मारत गेली, दुसऱ्या वळणापर्यंत नुसती ऐकत गेली, आणि पुढे श्वासाशिवाय काही नव्हतं. ती बसायची, आम्ही बसायचो. कड्यांच्या काठावर ऊन उतरायला लागलं. काळा दगड आधी जांभळा होतो, मग तपकिरी, मग हात लावावासा वाटेल असा सोनेरी. मी हजार वेळा पाहिलंय आणि अजून मला ते आयतं मिळालेलं वाटतं.

बाग यायच्या आधी एक शेवटचा चढ आहे. दोन दगडांच्या मधली फट, उंच पायरी. तिथून खजुराचे शेंडे दिसतात, बुंधे दिसत नाहीत. तेस्लेम त्या पायरीखाली बसली. दोन्ही हातांनी गुडघे चोळू लागली.

"दिसलं," ती म्हणाली. "दिसलं ना. मी इथूनच बघते. याह्याला सांगा, उतरव."

 झैनबू म्हणाली, "खाला, दुखत असेल तर इथवर आलात हेही पुष्कळ झालं." दहनं तंबू खाली ठेवला आणि सवयीनं हात पुढे केला. सलका मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मी वर जाते," सलका म्हणाली. "बाग काय, कुणीही उभं राहिलं तरी चालेल. याह्याला लांबून काय कळतंय, मेलहफा बघून उतरवेल तो."

तेस्लेमनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं मेलहफाचं टोक कमरेला खोचलं, पायरीवर दोन्ही तळवे टेकले, एक गुडघा वर घेतला, तोंडातून एक आवाज काढला, आणि दुसरा गुडघा. मानाची बाई, सगळ्या गावासमोर रांगत वर गेली. सलका खालून तिला ढकलत होती आणि शिव्या घालत होती. फटीत क्षणभर अडकली. मग गेली.

आम्ही मागून पोचलो तेव्हा ती आईच्या झाडाखाली उभी होती. बुंध्याला तळवा लावलेला. घामानं निथळत होती.

"आई," ती म्हणाली, अगदी रोज बोलावं तशी, "जरा कमी होऊन आले गं."

वरून याह्यानं विळा मारला. घड दोरानं खाली उतरला, हलत हलत, मधमाश्या त्याच्या मागोमाग. तेस्लेमनं पहिला खजूर खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा झैनबूच्या तोंडात घातला, चौथा सलकाच्या, आणि सलकानं बी थुंकून सांगितलं, की आमच्या बागेतला जास्त गोड असतो.

दह घामाघूम होऊन तंबू घेऊन मागून आला. त्याला वाटलं, आता हिला इथंच, फटीच्या जवळ, सोयीच्या जागी बसवावं.

"तेस्लेम, तंबू इथंच टाकू का? सपाट आहे. उतरायलाही जवळ."

ती झऱ्यापलीकडे बघत होती. तिकडे झाडं दाट होतात आणि वाट पुन्हा चढते.

"इथं नको," ती म्हणाली. "पलीकडे चल. जरा वर."